‘गेट’चा अर्थ पुढच्या शब्दाला विचारा

मा. संपादक,
स. न.

मराठी शाळांत 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते, तरी ‘गेट म्हणजे मिळणे’ हे समीकरण दहावीपर्यंत मुलांची पाठ सोडत नाही. गाइडवाले त्याखाली अर्थांची लांबलचक यादी छापतात: मिळणे, आणणे, होणे, पोहोचणे, समजणे. मुले ती घोकतात आणि वाक्य समोर आले की पहिलाच अर्थ चिकटवून मोकळी होतात. यादीची गरजच नाही. ‘गेट’च्या लगेच पुढे काय आले आहे, एवढे पाहायला शिकवावे.

पुढे नाम असेल तर बहुधा मिळणे किंवा आणणे. विशेषण असेल तर होणे: ‘गेट टायर्ड’ म्हणजे दमणे, ‘गेट हंग्री’ म्हणजे भूक लागणे. ठिकाण असेल तर पोहोचणे, आणि तिथे ‘टू’ हवा: ‘गेट टू स्कूल’. होम, हिअर, देअर यांच्याआधी मात्र ‘टू’ येत नाही. तरी मुले ‘गेट टू होम’ लिहितात, कारण ‘घरी’तला प्रत्यय त्यांना कुठेतरी दाखवायचा असतो. ‘गेट मॅरिड विथ’ही त्याच वाटेने येते, ‘तिच्याशी’तला ‘शी’ तिथे ‘विथ’ होऊन बसतो. बरोबर रूप ‘गेट मॅरिड टू’.

खरी गोम करवून घेण्याच्या रचनेत आहे. न्हाव्याकडे जाऊन आल्यावरही आपण ‘मी केस कापले’ म्हणतो आणि कोणाचा गैरसमज होत नाही. ‘आय कट माय हेअर’ म्हटले तर मात्र कात्री स्वतःच चालवली असे ऐकणाऱ्याला वाटते. तिथे ‘आय गॉट माय हेअर कट’ हवे. क्रम पक्का: गेट, मग वस्तू, मग क्रियापदाचे तिसरे रूप. ‘आय गॉट कट माय हेअर’ असे लिहिले की वाक्यच मोडते. ज्याच्याकडून काम करवून घेतले तो माणूस सांगायचा असेल, तर त्याच्यानंतर ‘टू’ आणि मूळ रूप: ‘आय गॉट हिम टू साइन’. ‘मेक’ला हा ‘टू’ चालत नाही: ‘आय मेड हिम साइन’. अर्थातही फरक आहे. ‘मेक’मध्ये भाग पाडणे येते, ‘गेट’मध्ये बहुधा गळ घालणे, मनवणे.

कर्मणी प्रयोगातला ‘गेट’ (‘माय फोन गॉट स्टोलन’) घडलेल्या घटनेला शोभतो. माहीत असणे, मालकीचे असणे अशा स्थितीला नाही. परीक्षेत प्रयोग बदला म्हटले असेल तर ‘बी’चेच रूप लिहावे.

वाहनांचे सोपे आहे. आत उभे राहून चालता येते त्या बस-रेल्वेला ‘गेट ऑन’ आणि ‘गेट ऑफ’. रिक्षा-मोटारीला ‘गेट इन’ आणि ‘गेट आउट’. आपल्याकडचे ‘गेट डाउन’ भारतभर कळते, त्यावर लाल रेघ मारत बसू नये. परदेशी जाणाऱ्याला तेवढे सांगून ठेवावे की तिकडे त्याचा अर्थ ‘खाली वाक’ असा घेतला जाईल.

अमेरिकेतल्या नातवंडांच्या तोंडचे ‘गॉटन’ही चूक नव्हे, तिकडे ‘मिळाले, झाले’ या अर्थांनी तिसरे रूप तेच आहे. जवळ असण्याच्या अर्थाने मात्र तेही ‘हॅव गॉट’च म्हणतात.

– एक इंग्रजी शिक्षक, सांगली