सूचना: ऑटो–मॅन्युअल बदलताना

सभासदहो, आपल्या मॉडेल रेल्वेवरची धावती गाडी ऑटोमधून (म्हणजे संगणकाच्या ताब्यातून) थेट हातातल्या कंट्रोलरवर घेऊ नका. ती ब्लॉकमध्ये (रुळाच्या ठरलेल्या तुकड्यात) थांबू द्या, सॉफ्टवेअरमधून इंजिन सोडवा, स्पीडचं बटण शून्यावर आहे ना बघा, मगच ताबा घ्या. नाहीतर एकाच डिकोडरला (इंजिनातल्या हुकूम घेणाऱ्या चिपला) दोन हुकूम जातात आणि गाडी हिसका खाते.

परत ऑटोवर देताना जास्त जपा. इंजिन उचलून दुसरीकडे ठेवलं, तरी सेन्सरला फक्त रूळ व्यापलेला कळतो, इंजिन कोणतं ते नाही. संगणक जुन्या जागेवरून रस्ता लावतो आणि इंजिन भलत्याच रुळावर, समोरच्या गाडीवर निघतं. म्हणून स्क्रीनवर जागा आणि इंजिनाचं तोंड दुरुस्त करा, हाताने फिरवलेले सांधेही (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे) तपासा. एचओ या छोट्या मापाच्या गाड्यांचे कपलर (डबे जोडणारे आकडे) फार नाजूक असतात हो!

शंका असेल तर सरळ स्टॉप दाबा आणि विचारा.