जुन्या नोटेचा नंबर पाहण्याआधी कागद पाहा

महोदय,

जुन्या नोटांना मोठा भाव मिळाल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. त्यात 786 चा नंबर असतो, कुणा गव्हर्नरांची सही असते. नोट कोणत्या अवस्थेत होती, हे मात्र कुठेच नसते. एकाच सहीच्या दोन नोटांच्या भावात कितीतरी पटींचा फरक पडतो तो या अवस्थेमुळेच. रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर असलेल्या चिंतामणराव देशमुखांच्या सहीची, राजा सहाव्या जॉर्जचे चित्र असलेली नोट आपल्याकडे अनेकांना हवी असते. ती घेताना फसगत होते म्हणून हे पत्र.

सगळ्यात जास्त वाद होतो स्टेपलच्या भोकांवरून. पूर्वी बँका शंभर नोटांचे पुडके स्टेपल करत. रिझर्व्ह बँकेने 2001 मध्ये ही पद्धत बंद करायला लावली. त्यामुळे त्याआधीच्या कोऱ्या नोटेलाही बहुधा भोके असतातच आणि जाणकार ती समजून घेतात. नोटांची प्रतवारी करणारी पीएमजीसारखी संस्थाही ‘मूळचीच भोके’ अशी नोंद करते. म्हणून भोकांना घाबरू नये. भोकांभोवती गंजाचा तपकिरी डाग आहे का आणि ओढाताणीने भोक फाटले आहे का, हे पाहावे.

खरी लबाडी असते ती भोके बुजवण्यात. कागदाचा लगदा आणि खळ भरून वर इस्त्री फिरवतात. अशी नोट उजेडासमोर धरली की बुजवलेली जागा भोवतालच्या कागदापेक्षा गडद किंवा फिकट दिसते. मग अंधाऱ्या खोलीत टॉर्च टेबलालगत आडवा धरून नोटेवरून तिरका प्रकाश टाकावा. ठिगळाची कड, दाबलेली घडी, खोडलेले पेन्सिलचे आकडे, सगळे उठून दिसते.

घडी आणि वळ यांत गल्लत करू नये. वळ म्हणजे नुसता बाक. घडीत कागदाचे तंतू तुटतात आणि शाई उडते. इस्त्रीने कागद सपाट होतो, उडालेली शाई परत येत नाही. दहापट भिंगातून छपाईवर बारीक पांढरी रेघ दिसली की तिथे घडी होती, एवढे नक्की. इंटरनॅशनल बँक नोट सोसायटी या संग्राहकांच्या संस्थेच्या प्रतवारीत ‘ईएफ’ (एक्स्ट्रीमली फाइन), म्हणजे थोडीशीच हाताळलेल्या नोटेलाही जास्तीत जास्त तीन हलक्या घड्या किंवा एक ठळक घडी चालते. मग ‘यूएनसी’ (अनसर्क्युलेटेड), म्हणजे न वापरलेली कोरी म्हणून विकली जाणारी नोट खरोखर बिनघडीची आहे का, ते स्वतः तपासावे.

धुतलेली नोट ओळखायला बोटे पुरतात. न दाबलेल्या नोटेत नंबराचा ठसा मागच्या बाजूने किंचित जाणवतो. धुऊन दाबलेल्या नोटेत तो जातो, कागद लुळा पडतो आणि करकरीतपणाही जातो. जुन्या नोटेचा कागद अतिनील दिव्याखाली मंद दिसायला हवा. तो सगळाच निळसर पांढरा चमकला, तर डिटर्जंट वापरल्याची दाट शंका घ्यावी.

कडा कातरलेल्या नोटेसाठी मिलिमीटरची पट्टी जवळ ठेवावी. 1996 मध्ये सुरू झालेल्या जुन्या महात्मा गांधी मालिकेतली शंभराची नोट 157 बाय 73 मिलिमीटर असते. जुन्या नोटेचे माप तशाच दुसऱ्या खात्रीच्या नोटेशी ताडून पाहावे. मधला भाग मळका आणि कड मात्र पांढरीशुभ्र, धारदार असेल, तर कात्री लागली आहे. सेलोटेपचा पिवळा डाग आणि लॅमिनेशन, दोन्हींवर सहसा उपाय नसतो. अशी नोट स्वस्तात मिळाली तरी आम्ही घेणार नाही.

घेतल्यावर नोट मऊ पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नये. त्यातला प्लॅस्टिसायझर, म्हणजे प्लॅस्टिक मऊ ठेवणारे रसायन, बाहेर येऊन कागद चिकट होतो. पॉलिस्टरचे पाकीट बरे. मुंबई-कोकणच्या दमट हवेत तपकिरी ठिपके लवकर धरतात, म्हणून पावसाळ्यात सिलिका जेलची पुडी बदलत राहावी. डाग पडलाच तर तो काढायला जाऊ नये.

विक्रेत्यांना आमची विनंती एवढीच आहे की, नोटेचे दोन्ही बाजूंचे आणि उजेडासमोर धरलेले असे तीन फोटो द्यावेत, दुरुस्ती केली असेल तर ती लिहावी आणि नोट हातात घेऊन पाहिल्यावर परत करायला सात दिवस द्यावेत. हे नाकारणाऱ्याकडून आम्ही नोट घेत नाही.

– काही नोटसंग्राहक, पुणे