नानाजीच्या एक्सचा तुकडा

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, ‘बाबा, रंगांधळेपण आपल्या घरात कोणाकोणाला?’ मी ‘मला अन् नानाजीला’ म्हणून मोकळा झालो. नीट सांगायचं राहिलंच. दिवाळीत इथे विसरलेलं तुझं आनुवंशिकतेचं पुस्तक एव्हाना वाचून झालंय, म्हणून लिहितो.

मी बारा वर्षांचा असेन. आंबिया बहाराचा तोडा चालू होता आणि माझे नानाजी, म्हणजे तुझ्या आजीचे वडील, आले होते. आम्ही दोघं एकाच झाडाखाली, आणि आमच्याच दोन टोपल्यांत निम्मी हिरवी संत्री. आजीने कपाळावर हात मारला, ‘नानावर गेलं हे पोट्टं!’ काकाची टोपली मात्र व्यवस्थित. मी आजही संत्रं बोटांनीच ओळखतो. पिकलेल्याची साल सुटते, दाबलं की पोकळ लागते. तुझी आई मागून फिरते म्हणून ढीग बरोबर लागतो. ती माहेरी होती त्या साली एका व्यापाऱ्याने माझ्या पाच पेट्या परत केल्या. चूक माझीच, पण त्याचं हसणं अजून आठवतं.

एकाच आईचे दोन भाऊ, मग मला आहे आणि काकाला नाही, असं का? ‘निम्मी शक्यता’ हे उत्तर खरं, पण अर्धंच. रंगांधळेपणाचं जनुक एक्स नावाच्या गुणसूत्रावर असतं, आणि मुलाला एक्स आईकडून एकच मिळतो. आजीकडे दोन होते, एक नानाजीचा, एक नानीचा. अंडं तयार होताना ते दोन शेजारी येतात आणि तुकड्यांची अदलाबदल करतात. बैलांचे दोन कासरे घे, एक काळा, एक पांढरा. दोन्ही एकाच जागी काप आणि टोकं बदलून गाठी मार. आता कापण्याआधी काळ्यावर दोन खुणा केल्या असत्या तर? हातभर अंतरावर असतील तर मध्ये काप पडायचा संभव बराच. बोटभरच असतील तर दोन्ही बहुतेक बरोबरच जातात. खुणा म्हणजे जनुकं, आणि यालाच लिंकेज म्हणतात.

स्टर्टेव्हंट नावाच्या पोराने यातून नकाशा काढला. आनुवंशिकतेचे शास्त्रज्ञ मॉर्गन यांच्या न्यूयॉर्कमधल्या प्रयोगशाळेत तो विद्यार्थी होता. १९११ साली घरचा अभ्यास बाजूला टाकून (तू टाकू नकोस) एका रात्रीत त्याने फळमाशीच्या एक्सवर जनुकं ओळीने मांडली, छापली १९१३ साली. दोन जनुकं जितक्या वेळा सुटी होतात तितकं त्यांच्यातलं अंतर. शंभरात एकदा सुटली तर अंतर एक सेंटिमॉर्गन. फार दूरची असली तरी आकडा पन्नासावर जात नाही, ती परक्यासारखीच वागतात.

माणसात हे ज्युलिया बेल आणि हॉल्डेन या शास्त्रज्ञांनी १९३७ साली रंगांधळेपण आणि हिमोफिलिया (रक्त नीट न गोठण्याचा आजार) यांवर दाखवलं. दोन्हींची जनुकं एक्सच्या लांब बाजूच्या टोकाजवळ. म्हणून रंगांधळ्याला हिमोफिलिया होतो असं नव्हे. दोन्ही दोष एकाच एक्सवर असतील तरच ते बरोबर उतरतात. एका एक्सवर एक आणि दुसऱ्यावर दुसरा असेल, तर एका भावाला हा, दुसऱ्याला तो. हॉल्डेन पुढे आपल्याकडे आले आणि भारतीय नागरिकही झाले.

म्हणजे नानाजीचा टोकाकडचा तुकडा माझ्याकडे नक्की आहे. मधला नानीचाही असेल. माझ्या एक्सला जोडीदार एक्स नाही, पुरुषातलं दुसरं गुणसूत्र वाय चिमूटभर टोकांपुरतंच जुळतं, त्यामुळे तुला तो जवळजवळ जसाच्या तसा आला. आणि बायकांमध्ये ही अदलाबदल त्या जन्मायच्या आधीच होते. म्हणजे माझ्या वाट्याच्या अंड्यातली काटछाट आजी नानीच्या पोटात असतानाच उरकली होती. हे वाचलं त्या दिवशी धुऱ्यावर बराच वेळ बसून होतो. तुझ्यातलीही कधीच झालीय.

वंशावळीत नानाजी आणि मी भरलेले चौकोन, काका रिकामा, आजी आणि तू गोलात टिंब, म्हणजे स्वतःला दोष नाही पण पुढे देऊ शकणाऱ्या. ते टिंब पाहून तुझ्या आईने विचारलं, स्थळं येतील तेव्हा हे सांगायचं का? मी म्हटलं, मला मुलगी देताना तुझ्या बाबांनी माझी टोपली तपासली होती का?

मृगाचा तोडा पुढच्या आठवड्यात आहे. तुझ्या आईचा गुडघा दुखतो, ढिगाजवळ काका बसणार. शनिवारी आलीस तर दुसरा ढीग तुझा.

तुझे बाबा