जुनी स्पोर्ट्स कार घेताना मीटर नंतर बघा, आधी गाडीचं वय बघा

संपादक महाशय,
स.न.वि.वि.

पेपरात गाड्यांबद्दल जे काही येतं ते बहुतेक नवीन गाड्यांबद्दलच असतं, मायलेज किती, स्क्रीन केवढी, सनरूफ आहे का. पण पंधरा-वीस वर्षं जुनी स्पोर्ट्स कार घ्यायची हौस असणारेही भरपूर लोक आहेत आणि त्यांना नीट सांगणारं कोणी भेटत नाही. मग जाहिरातीतले चकाचक फोटो आणि मीटरवरचा आकडा बघून टोकन देऊन मोकळे होतात आणि थोड्याच दिवसांत गाडी गॅरेजमध्ये आणि मालक रडकुंडीला. इतक्या हौसेनं घेतलेल्या गाडीची अशी वाट लागलेली बघवत नाही, म्हणून हे पत्र.

सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे "कमी चालली आहे म्हणजे चांगलीच असणार". साध्या गाडीत हे थोडंफार चालून जातं, पण जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये वर्षानुवर्षं उभी राहिलेली गाडी ही नियमित चाललेल्या गाडीपेक्षा जास्त त्रास देऊ शकते. उभ्या गाडीत रबर कडक होतं, ऑइल सील सुकतात, पेट्रोलचे पाइप चिरतात (आणि गरम इंजिनवर पेट्रोल गळलं तर गाडी पेटते, ही गंमत नाही), टायर एकाच जागी दाबून चपटे होतात, आणि ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेत असल्यामुळे गाडी एक किलोमीटर चालली नाही तरी ते साधारण दोन वर्षांनी बदलावंच लागतं. टायमिंग बेल्टचंही (म्हणजे पिस्टनच्या तालात व्हॉल्व उघडबंद करायला लावणारा इंजिनचा पट्टा) तेच, कंपनी किलोमीटर आणि वर्षं असे दोन्ही आकडे देते आणि जे आधी येईल तेव्हा तो बदलायचा असतो, पण विकणारा फक्त किलोमीटर सांगतो. बऱ्याच इंजिनांमध्ये हा बेल्ट तुटला की पिस्टन आणि व्हॉल्व एकमेकांवर आदळतात आणि अख्खं इंजिन उघडावं लागतं. फेरारी एफ ३५५ सारख्या गाडीत तर नुसता बेल्ट बदलायला इंजिनच खाली उतरवावं लागतं, त्यामुळे बेल्ट कधी बदलला त्याचं बिल नसेल तर तो बदललेलाच नाही असं धरून चाला आणि किमतीतून तेवढे पैसे वजा करा.

टायरचं वय तर कोणीही दोन मिनिटात बघू शकतं. टायरच्या बाजूवर डीओटी लिहिलेलं असतं, त्याच्या शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन म्हणजे कितवा आठवडा आणि पुढचे दोन म्हणजे वर्ष. म्हणजे ३५१४ असेल तर टायर २०१४ च्या ३५ व्या आठवड्यात बनलाय, मग त्याची नक्षी कितीही खोल दिसू दे. तीनच आकडे असतील तर टायर २००० च्या आधीचा आहे, त्यावर टेस्ट ड्राइव्हसुद्धा घेऊ नका. आणि चारही टायर एका कंपनीचे आहेत का तेही बघा, कारण एवढी पॉवरफुल गाडी ठेवून जो माणूस मिळेल तो स्वस्त टायर टाकतो त्याने बाकी कुठे कुठे पैसे वाचवले असतील याचा अंदाज येतो.

आता इंजिन. गाडी बघायला जायच्या आधी फोन करून स्पष्ट सांगा की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचल्यावर पहिल्यांदा बोनेटला नाहीतर इंजिनच्या झाकणाला हात लावून बघा, गरम लागलं तर समजा काहीतरी लपवतायत आणि सरळ सांगा की परत येतो. थंड इंजिनच खरं बोलतं. सुरू करताना एक जण सायलेन्सरच्या मागे उभा राहू दे. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, आणि पांढरा धूर गाडी गरम झाल्यावरही थांबत नसेल आणि त्याला गोडसर वास असेल तर कूलंट इंजिनच्या आत जातंय. नंतर चालवताना उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडून द्या आणि खाली आल्यावर परत दाबा, त्या वेळी मागे निळा धूर आला तर व्हॉल्वचे सील गेलेले असण्याची शक्यता जास्त. ऑइल भरायचं झाकण उघडून आतून बघा, दुधाळ साय जमलेली असेल तर लगेच घाबरू नका, नुसत्या जवळच्या जवळ चालणाऱ्या गाडीत पाणी धरून तसं होतं, पण कूलंटच्या टाकीतही तेलाचा तवंग असेल तर तिथूनच मागे फिरा.

कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते मोजणं, करूनच घ्या, विकणारा नाही म्हणाला तर तेच उत्तर समजा. सगळ्या सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या जवळ पाहिजेत, एखादा बाकीच्यांपेक्षा दहा-पंधरा टक्क्यांहून खाली असेल तर खर्च येणार. फक्त माझदा आरएक्स ८ सारख्या रोटरी इंजिनला (यात पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरतो) नेहमीचं कॉम्प्रेशन मीटर उपयोगाचं नाही, त्याला वेगळं मीटर लागतं जे रोटरच्या तिन्ही बाजू वेगवेगळ्या मोजतं, आणि ती गाडी चांगली गरम करून बंद करा आणि लगेच परत स्टार्ट करून बघा, तेव्हा नखरे करायला लागली तर आतले सील झिजलेत. ते इंजिन मुळातच थोडं थोडं ऑइल जाळतं, त्यामुळे "एक थेंब ऑइल खात नाही" असं कोणी अभिमानाने सांगितलं तर उलट जास्त चौकशी करा.

प्रत्येक मॉडेलचं एक दुखणं असतं आणि ते आधीच माहीत करून घेतलं पाहिजे, यात आळस करू नका. पॉर्शच्या पहिल्या बॉक्सस्टरमध्ये आणि ९९६ म्हणजे पाणी-कूलिंगवाल्या पहिल्या ९११ मध्ये आयएमएस बेअरिंगचा, म्हणजे इंजिनच्या आतल्या मधल्या शाफ्टच्या बेअरिंगचा, प्रश्न आहे, ते फुटलं की इंजिन गेलंच. सगळ्यांचं फुटतं असं अजिबात नाही, पण ते बदललंय का, कधी, आणि ऑइल फिल्टर कापून त्यात धातूचा चुरा बघितलाय का हे विचारायलाच पाहिजे. (९९६ च्या टर्बो आणि जीटी ३ चं इंजिन वेगळं आहे, त्यांना हा त्रास नाही.) बीएमडब्ल्यूच्या ई४६ एम३ मध्ये मागचा अ‍ॅक्सल जिथे बॉडीला बसतो तिथला पत्रा तडकतो, वरून काहीही दिसत नाही, लिफ्टवर घेऊन टॉर्च मारूनच कळतं. माझदा एमएक्स ५ इंजिनाने अगदी दणकट, पण कापडी छपराचं पाणी वाहून जायच्या नळ्या कचऱ्याने तुंबतात आणि दाराखालची पट्टी मागच्या चाकाजवळ आतून गंजते, बाहेर रंगाचा एखादाच फुगवटा दिसतो तोपर्यंत आत पत्रा उरलेला नसतो. कुठलीही उघड्या छपराची गाडी असेल तर सीटखालच्या कार्पेटवर हात दाबून बघा, ओलं लागलं तर तिथल्या वायरिंगचं पण काही खरं नाही.

गिअर थंड असतानाच बघा, दुसऱ्या आणि तिसऱ्यात टाकताना खर्र झालं तर सिंक्रो, म्हणजे गिअर अलगद जुळवणाऱ्या रिंगा, गेलेत. क्लचसाठी वरच्या गिअरमध्ये कमी स्पीडला एकदम अ‍ॅक्सिलरेटर दाबायचा, इंजिनच्या फेऱ्यांचा काटा वर पळाला आणि गाडीचा स्पीड तिथेच राहिला तर क्लच संपला.

रंगाची जाडी मोजायचं छोटं मीटर मिळतं ते न्या. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो, एकाच दारावर आकडा एकदम दुप्पट-तिप्पट झाला तर परत रंगवलंय, आणि हजाराच्या पुढे गेला तर आत पुट्टी आहे. परत रंगवणं हा गुन्हा नाही, पण का रंगवलं ते विचारा आणि उत्तर देताना समोरचा अडखळतो का ते बघा.

गाडीच्या कॉम्प्युटरमधले एरर वाचणारा स्कॅनर लावाल तेव्हा नुसता "एकही एरर नाही" यावर खूश होऊ नका. एरर पुसून टाकले की गाडीच्या स्वतःच्या चाचण्याही शून्यावर जातात आणि "अपूर्ण" दाखवतात, म्हणजे तुम्ही यायच्या आदल्या दिवशी कोणीतरी पुसलंय का हे तिथे कळतं. बऱ्याच पॉर्शमध्ये इंजिनचे फेरे मर्यादेच्या वर किती वेळा गेले याची नोंदही आत असते. चुकून चौथ्याऐवजी दुसरा गिअर पडला तर इंजिनचे फेरे मर्यादेत ठेवणारा रेव्ह लिमिटरसुद्धा काही करू शकत नाही, चाकंच इंजिनाला फिरवतात, आणि त्याचा मार नंतर नवीन मालकाने भरायचा.

मॉडिफिकेशनबद्दल माझं मत कडक आहे. गाडी खाली बसवायला स्प्रिंग कापलेल्या, इंजिनचं ट्यूनिंग कोणी केलं ते सांगता येत नाही अशा गाड्या मी तरी कोणालाच सुचवणार नाही. चांगल्या ठिकाणी केलेलं काम, बिलं आणि मूळ पार्ट जपून ठेवलेले असतील तर गोष्ट वेगळी.

आणि कागद. इंजिन नंबर, चेसिस नंबर कागदाशी स्वतः ताडून बघा, फोटोवरून नाही. जुनी बिलं तारखेप्रमाणे लावा आणि प्रत्येक बिलावरचं किलोमीटर वाचत जा, आकडा मध्येच मागे गेला तर मीटरशी खेळ झालाय. जाड फाइल असलेली, भरपूर चाललेली गाडी मी कधीही कमी चाललेल्या बिनफाइलच्या गाडीपेक्षा आधी घेईन.

माझी विनंती एवढीच की नवीन गाड्यांच्या रिव्ह्यूंसोबत महिन्यातून एकदा तरी एखाद्या जुन्या मॉडेलची नेहमीची दुखणी आणि ती तपासायची पद्धत, एखाद्या अनुभवी मेकॅनिककडून लिहून घेऊन छापा. टोकन द्यायच्या आधी ते वाचलं तर कितीतरी जणांचे पैसे वाचतील आणि काही चांगल्या गाड्याही भंगारात जायच्या वाचतील.

आपला,
एक नियमित वाचक