मिनूस

मिनू,

ताप येऊन गेल्यावर सांगतात का गं? तेही फोन ठेवता ठेवता. डासांच्या डीएनएच्या ट्रेनिंगबद्दल इतकं भरभरून बोलत होतीस की तेव्हा गप्प बसले, पण रात्रभर झोप नाही म्हणून लिहितेय.

तापाचं आता काढत नाही. डासाच्या एका पायातून डीएनए काढून जात ओळखली म्हणालीस, आणि त्याच्या नसांमधल्या त्या सोडियम चॅनलच्या जीनमध्ये १०१४ नंबरला एकच अमिनो आम्ल बदललं की मच्छरदाणीवरचं औषध डासाला नीट लागूच होत नाही, हे मला कळेल असं समजावलंस, खूप अभिमान वाटला. २००२ ला अ‍ॅनोफिलिस गॅम्बीचा, म्हणजे मलेरिया पसरवणाऱ्या त्या डासाचा, जीनोम (सगळा डीएनए) छापून आला तेव्हा तू दप्तर घेऊन शाळेत जायचीस आणि बरणीत अळ्या पाळायचीस, पाण्याला समांतर आडव्या तरंगतात त्या अ‍ॅनोफिलिसच्या आणि शेपूट वर करून उलट्या लटकतात त्या दुसऱ्या, हे तू आम्हाला शिकवलंस. आजी किती ओरडायची!

फक्त कोडिंग टाळू नकोस. सॅम्पल आपण पकडायचे, ट्यूबा भरून पाठवायच्या आणि अर्थ दुसऱ्यांनीच लावायचा असं व्हायला नको. डेटा स्वतः उघड, अडलं तर विचार, बाकीची मुलं पुढे गेली तरी लाजू नकोस, आणि पेपरमध्ये तुझं नाव कुठे येणार तेही आधीच विचारून घे... झालं माझं लेक्चर सुरू. सॉरी. तुला कळतं सगळं.

पण रक्त तपासलंस का? अळ्या काही चावत नाहीत, पण संध्याकाळी ट्रॅप लावायला जाता तेव्हा पूर्ण बाह्यांचं घालतेस ना? मलेरियाचा तो व्हायवॅक्स जंतू लिव्हरमध्ये महिनोन्‌महिने लपून बसतो हे तुला मी सांगायचं म्हणजे कमालच, तरी सांगते, ताप उतरला म्हणजे संपलं असं नाही. गोळी घेऊन तशीच कामावर गेली असशील, ओळखते मी तुला. मावशीच्या वेळी पण सगळे असंच म्हणत होते. बाबांना अजून बोलले नाहीये, रिपोर्ट आला की मलाच पाठव.

पुढच्या बॅचला तू शिकवणार आहेस ना, त्या मुलांना फील्डवर न्यायच्या आधीच सांगून ठेव, ताप आला की त्याच दिवशी टेस्ट. ट्रॅप एक रात्र नाही लागला तरी चालेल.

आई