‘अर्थात’ला हरकत

संपादक महोदय,

कालच्या अंकातल्या कापड आयातीवरच्या लेखात ‘जुने कपडे, अर्थात चिंध्या’ असे छापले आहे. त्यातल्या ‘अर्थात’ला माझी सक्त हरकत आहे. लेखक विद्वान असतील, पण न्हावा-शेवा बंदराच्या शेडमध्ये त्यांनी जुन्या कपड्यांची एकही गाठ, म्हणजे बांधलेला गठ्ठा, फुटताना पाहिलेली दिसत नाही. मी क्लिअरिंग एजंटाकडे, म्हणजे आयातदारांचा माल कस्टममधून सोडवून देणाऱ्याकडे, २८ वर्षे नोकरी केली, तिथे दुसरे काही पाहिलेच नाही.

सीमाशुल्काच्या दरपत्रकात वापरलेले कपडे ६३०९ या क्रमांकात आणि चिंध्या ६३१० मध्ये येतात. नंबर शेजारचे, पण पहिल्याला आयात परवाना लागतो आणि पुरत्या फाडलेल्या लोकरीच्या चिंध्यांना लागत नाही. सगळी मारामारी त्या ‘पुरत्या’ शब्दावर. ६३०९ साठी पुन्हा दोन अटी. कपड्यावर वापराच्या ठळक खुणा हव्यात आणि माल सुटा किंवा गाठी-पोत्यांतून आलेला हवा. म्हणजे तुमच्या-माझ्या घरातले जुने ते कायद्यानेही जुने ठरेलच असे नाही.

एका पार्टीचा लोकरीच्या चिंध्यांचा माल आला होता. जायचा होता पानिपतला, तिथे जुनी लोकर पिंजून पुन्हा सूत काढतात. बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टमला द्यायचा आयातीचा कागद, मीच भरले होते, ६३१० टाकून. तपासणीत तिसऱ्या गाठीतून एक काळा ओव्हरकोट निघाला, पाठीवर वीतभर एकच काप. कस्टमच्या साहेबांनी तो उजेडाला धरला आणि मला विचारले, ‘काय हो, हा शिवता येईल?’ मी शिंप्याचा मुलगा. तोंडातून निघून गेले, ‘रफू केला तर कळायचंही नाही.’ झाले! माल १९ दिवस अडकला. पुढे साहेबांसमोर सगळ्या गाठी पुन्हा फाडून घेतल्या, तेव्हा सुटला. (मालकाच्या विनंतीवरून माल असा निकामी करू देण्याची सोय १९६२ च्या कायद्यात कलम २४ मध्ये आहे. लेखात तिचा पत्ता नाही.) त्या वर्षी माझा दिवाळीचा बोनस निम्मा झाला. साहेबांचे काही चुकले नव्हते, हेही सांगतो. कोट खरेच चांगला होता.

त्याच लेखात पुढे ‘विणलेल्या कापडाला’ किलोमागे साडेतीन डॉलर किमान आयात किंमतीचे संरक्षण मिळाल्याचे म्हटले आहे. अहो, मराठीत मागावरचे कापडही विणतात आणि सुयांवरचा स्वेटरही विणतात! मार्च २०२४ ची ती अधिसूचना दरपत्रकाच्या प्रकरण ६० मधल्या मोजक्या सिंथेटिक निट, म्हणजे स्वेटरसारख्या सुयांवर विणलेल्या, कापडांपुरती होती. २०२५ च्या अर्थसंकल्पातली ‘२० टक्के किंवा किलोला ११५ रुपये, यांतले जे जास्त ते’ ही तरतूदसुद्धा निटचीच. भिवंडीत यंत्रमागावर काम करणारा माझा मेहुणा काल सकाळी फोनवर आनंदाने ‘आमचं ऐकलं बुवा दिल्लीनं’ म्हणत होता. त्याची समजूत काढता काढता चहा गार झाला. ‘होजिअरी’ हा शब्द वापरला असता तर त्याला कळले असते. तो इंग्रजी आहे म्हणून टाळला असेल, तर त्याच पानावर ‘गेमचेंजर’ कसा चालला?

आता थोडे माझ्या मागच्या पत्राबद्दल. त्यात मी ‘डेमरेज’ लिहिले होते, आपण छापताना त्याचा ‘दंड’ केलात. डेमरेज म्हणजे माल मुदतीबाहेर पडून राहिला म्हणून द्यावे लागणारे पैसे. दंड गुन्ह्याचा असतो. ते वाचून सोसायटीतले दोघे मला विचारून गेले की नोकरीत असताना नेमके काय केले होते. या पत्रात तो शब्द मुद्दाम पुन्हा लिहिला आहे, तसाच राहू द्यावा.

— एक निवृत्त क्लिअरिंग क्लार्क, नेरुळ, नवी मुंबई