ती खुर्ची

नेपरव्हिल, इलिनॉय
24 ऑक्टोबर 2024

प्रिय सुधाकर,
सप्रेम नमस्कार.

तुझा निरोप पोचला. प्रचाराच्या रिक्षा फिरू लागल्या आणि भोंग्यापायी काकूंची दुपारची झोप गेली, हे वाचून वाईट वाटलं. तुमचं मतदान 20 नोव्हेंबरला, आमचं 5 तारखेला. इथला नागरिक झाल्यापासून राष्ट्राध्यक्ष निवडण्याची माझी ही पहिलीच खेप, म्हणून जीव जास्तच गुंतलाय.

काल रात्री सीएनएनवर ट्रम्प आणि कमला हॅरिस यांची दुसरी डिबेट व्हायची होती. हॅरिस यांनी आमंत्रण महिन्यापूर्वीच स्वीकारलं, ट्रम्प नको म्हणाले. मतदान सुरू झालंय, आता उशीर झाला, हे त्यांचं कारण. मग काल हॅरिस एकट्याच पेनसिल्व्हेनियात मतदारांच्या प्रश्नांना उत्तरं देत होत्या. शेवटपर्यंत पाहिलं, पण तिथल्या तिथे खोडून काढणारा प्रतिस्पर्धी बाजूला नव्हता, ते सारखं जाणवत राहिलं. दोघं समोरासमोर आले ते फक्त 10 सप्टेंबरला, फिलाडेल्फियात. त्याआधी 27 जूनला बायडन आणि ट्रम्प समोरासमोर आले, आणि महिना उलटायच्या आत बायडन यांनी उमेदवारीच सोडली. दीड तासात माणूस एवढा दिसतो, सुधाकर! मग किती वेळा दिसायचं हे त्या माणसानेच का ठरवायचं?

मागच्या महिन्यात मी मुद्दाम ओटावाला जाऊन आलो. कॅनडाची राजधानी नव्हे, आमच्याच इलिनॉयमधलं छोटं गाव. तिथल्या चौकातल्या बागेत लिंकन आणि स्टीफन डग्लस यांचे पुतळे आहेत. 1858 साली सेनेटच्या जागेसाठी दोघं उभे होते. डग्लस विद्यमान सेनेटर, देशभर नाव असलेला. लिंकन त्याच्या सभांमागोमाग जाऊन उत्तर देणारी भाषणं करायचा, आणि एके दिवशी त्याने समोरासमोर बोलायचं आव्हानच दिलं. डग्लसला यात मिळवण्यासारखं काही नव्हतं, गमावण्यासारखं मात्र पुष्कळ. तरी तो सात सभांना तयार झाला. राज्यात मतदारसंघ नऊ. दोन ठिकाणी दोघांची भाषणं आधीच झाली होती, उरलेल्या सातांत एकेक सभा. पहिल्याने तास बोलायचं, दुसऱ्याने दीड तास, मग पहिल्याने अर्धा तास उत्तर द्यायचं. पहिली सभा 21 ऑगस्टला ओटावातच झाली, भर उन्हाळ्यात. गुलामगिरीबद्दल डग्लस जे बोलला ते आज वाचवत नाही, आणि ती जागाही त्यालाच मिळाली. पण टाळता येत असूनही तो आला, एवढ्यासाठी मी त्याच्या पुतळ्यापुढेही थोडा वेळ उभा राहिलो.

पुढच्यांनी तेवढंही केलं नाही. 1960 साली केनेडी आणि निक्सन टीव्हीवर चारदा भेटले. केनेडींना पाचवी डिबेट हवी होती, ती झालीच नाही. त्यानंतर सलग तीन निवडणुका एकही नाही! 1964 ला जॉन्सन यांनी टाळलं, 68 आणि 72 ला निक्सन यांनी. 1976 ला फोर्ड मागे पडले होते, त्यांनी स्वतःहून कार्टर यांना आव्हान दिलं आणि तीन झाल्या. तेच कार्टर सत्तेवर असताना, 1980 साली, अँडरसन हा तिसरा उमेदवार असेल तर मी येत नाही म्हणाले. रेगन यांच्याशी ते एकदाच बोलले, मतदानाला आठवडा उरला असताना. तेव्हा तो उशीर कोणाला वाटला नाही. लवकर मत टाकायची सोय आज आहे हे खरं, पण शेवटच्या दिवसापर्यंत थांबणारे माझ्यासारखे मतदारही आहेत. ज्याचं पारडं जड, त्याला सभा नको. आणि पारडं फिरलं की बोलणंही फिरतं. यात पक्षाचा काही संबंध नाही, मला चीड येते ती याची.

मग रेगन आणि अँडरसन यांची कार्टरविना सभा झाली. त्या सभेत कार्टर यांची रिकामी खुर्ची ठेवायची का, असा विचार आयोजक महिलांच्या संघटनेने केला होता. शेवटी ठेवली नाही. हे वाचलं आणि मला आपलं वाचनालय आठवलं. नगरपालिकेची निवडणूक, आपण दोघं एसवायला. चार उमेदवारांना बोलावलं, तिघं आले. चौथ्याची खुर्ची आपण नावाची पट्टी लावून मांडली, आणि त्याची माणसं दारात येऊन उभी राहिल्यावर ती उचलून आत नेली. तू नाही, मी नेली. घाबरलो होतो. त्यावर तू मला कधी एक शब्द बोलला नाहीस.

म्हणून आज मागतोय. वाचनालयाचा हॉल अजून आहे, तू कार्यकारिणीवर आहेस, हातात चार आठवडे आहेत. आमदारकीच्या सगळ्या उमेदवारांना एकाच मंचावर बोलाव. परवानगी आधी काढ, वेळेचे नियम लेखी दे, प्रश्न लोकांकडून चिठ्ठ्यांवर घे. माईक, मंडप, चहा, सगळा खर्च माझ्याकडे.

आणि न येणाऱ्याची खुर्ची सभा संपेपर्यंत मंचावरच राहू दे.

काकूंना नमस्कार. फोन रविवारी करतो.

तुझा,
विनायक